टँकमधलं तपकिरी शेवाळ असं गेलं

नवीन प्लांटेड टँकचा (जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या टाकीचा) तिसरा आठवडा आणि काच, वाळू, अनुबियास या पाणवनस्पतीची पानं सगळ्यावर तपकिरी धुळीसारखा थर, बोटाने पुसला की निघायचा पण दोन दिवसांत परत हजर. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, पाण्यातल्या सिलिकेटवर (वाळू-काचेतल्या सिलिकाच्या क्षारांवर) वाढतात, नवीन टँकमध्ये बहुतेक येतातच. मी आधी लाईट वाढवला, ती चूक, हिरवं शेवाळपण सुरू झालं. मग लाईट टायमरवर ६ तास, आणि आठवड्यातून दोनदा मऊ ब्रशने पानं पुसता पुसताच सायफनने (पाणी ओढून काढायच्या नळीने) ३० टक्के पाणी काढायचं, म्हणजे सुटलेलं शेवाळ बाहेरच जातं. फिल्टरचा स्पंज मात्र टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा हं, नळाच्या क्लोरीनने चांगले बॅक्टेरिया मरतात. ३ नेराइट गोगलगायी सोडल्या, त्यांनी काच खरंच चकाचक केली! ओटोसिंक्लस मासेपण खातात हे, पण नाजूक असतात, नव्या टँकमध्ये घाई नको. सहाव्या आठवड्यात थर यायचाच थांबला.