बॅटरी नवी, तरी गाडी ढिम्म

नवी बॅटरी बसवली, चावी फिरवली आणि गाडी हूं की चूं करत नाही. मुंबईच्या सोसायटीत अशा वेळी दोन मिनिटांत सल्लागार जमतात. एक म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) गेला, दुसरा धक्का मारायला बाह्या सरसावतो, तिसरा सेल्फवर ठोकायला लोखंडी पाइप शोधतो. सगळ्यांना चहाला पाठवा. जुन्या बॅटरीवर सकाळी इंजिन रडतखडत का होईना फिरत होतं ना? मग सेल्फ नेमका त्या अर्ध्या तासात मेला असेल, ही शक्यता फार थोडी. मधल्या वेळात ज्याला ज्याला हात लागला, दोष आधी तिथे शोधायचा.

हेडलाइट लावा, चावी फिरवा आणि ऐका. दिवेच लागत नसतील तर क्लॅम्प (बॅटरीच्या खांबाला वायर धरून ठेवणारी पकड) बसलेला नाही किंवा मेन फ्यूज उडालाय. टकटकटक आवाज येऊन दिवे मंदावत असतील तर करंट कमी पडतोय. दिवे झगझगीत आणि सेल्फ गप्प, असं असेल तर क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर ‘पी’वर आहे का, डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय का ते बघा. चावीचं चित्र लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. गाडी चावीनेच एकदा लॉक-अनलॉक करा, दुसरी चावी वापरून बघा. बटण स्टार्ट असेल तर चावीतला सेल बदला.

आता मीटर. लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो हातात नसताना जे काही कराल ते अंदाजपंचे. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन खांबांवर टेकवा. 12.6 च्या आसपास हवं. 12.4 च्या खाली असेल तर दुकानात महिनोन्महिने पडून असलेला माल गळ्यात मारलाय; चार्ज करून मागा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर नवी असो वा जुनी, ती बॅटरी परत न्या.

आणि आकडा उत्तम असूनही गाडी टकटक करत असेल, तर इथे नीट थांबा. याच जागी मी एकदा दोन दिवस आणि बरेच पैसे घालवलेत.

जुलै महिना होता, गाडी दहा वर्षांची. बॅटरी मीच बदलली, मीटर 12.7 दाखवत होता आणि सेल्फ फक्त टक करायचा. मेकॅनिकने सेल्फ बदलायला लावला. मी बदलला. पुन्हा टक! दोष निघाला बॅटरीच्या ट्रेखालून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या (मायनसच्या) वायरीत. खाऱ्या दमट हवेने तिचा बोल्ट आतून गंजला होता, आणि ट्रे काढताना मी ती वायर जराशी हलवली होती. तेवढं पुरलं. गंजलेल्या जोडातून दिवे, हॉर्न, रेडिओ सगळं चालतं, कारण त्यांना करंट थोडाच लागतो. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, तिथे तो जोड मान टाकतो. म्हणून ‘हॉर्न वाजतोय म्हणजे कनेक्शन ठीक’ हा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करा आणि विसरा.

हे पकडायची रीत सोपी आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. आकडा शून्याच्या जवळ राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट ओलांडला तर अर्थिंग गेलं. तसंच प्रत्येक खांब आणि त्याचा क्लॅम्प यांच्यामध्येही मोजा. मात्र सेल्फ अजिबातच गप्प असेल तर इथे आलेल्या शून्याला अर्थ नाही. करंटच वाहत नाही तर कळणार काय? मीटर नसेल तर जंप केबलची एक वायर मायनस खांबापासून थेट इंजिनाच्या धातूला लावा. गाडी चालू झाली की चोर सापडला. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस.

क्लॅम्पचीही एक गोम आहे. आपल्याकडे खांब दोन जाडीचे येतात: प्लस खांब जाड असेल तर साधारण 19.5 मिमी, बारीक असेल तर 14.7. जाड खांबाच्या गाडीत बारीक खांबाची बॅटरी आली की बोल्ट पूर्ण आवळूनही क्लॅम्प हाताने फिरतो. शिशाच्या टोप्या मिळतात, त्या घाला. फटीत खिळा ठोकणाऱ्याला तिथेच थांबवा, आणि क्लॅम्पवर हातोडी मारणाऱ्यालाही. खांब आतून तडकतो.

बॅटरी जोडताना मोठी ठिणगी उडाली होती का? प्लस-मायनस उलटं लागलं असेल तर मेन फ्यूज जळतो. त्याच अँपिअरचा नवा टाका. तार गुंडाळून भागवायला गेलात तर वायरिंग पेटवाल.

इंजिन छान फिरतंय पण चालू होत नाही? बॅटरीचा विषय संपला. सीएनजीवाल्यांनी आधी पेट्रोलचा काटा बघावा. बऱ्याच सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवरच होतात, आणि टाकी कोरडी ठेवायची सवय अनेकांना असते. चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर बॅटरी काढल्याने आयडलची (गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरवायचं त्याची) नोंद पुसली गेलेली असू शकते. एसी बंद ठेवून हलका ॲक्सिलरेटर द्या, दहाएक मिनिटं चालू राहू द्या.

गाडी चालू झाली की मीटर पुन्हा बॅटरीवर लावा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसतं. 12 च्याच घरात अडकला असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये; जुनी बॅटरीही बहुधा त्यानेच मारली, आणि ही नवीसुद्धा एक-दोन दिवसांत आडवी पडेल.