कोड लिहिण्याआधी कागदावर काय काय हवं

छोटासा प्रोग्राम लिहायचा असला तरी आधी कागद-पेन घ्या आणि संगणक तूर्त बंदच असू द्या. उदाहरणादाखल एक साधं काम घेऊ: दोन तारखा दिल्या की त्यांच्यात किती दिवसांचं अंतर आहे ते सांगणारा प्रोग्राम.

सगळ्यात वर हे काम एका वाक्यात लिहा आणि मग त्या वाक्याची उलटतपासणी घ्या. १ मे ते २ मे, याचं उत्तर एक की दोन? नुसता फरक हवा असेल तर एक. दोन्ही दिवस धरायचे असतील तर दोन. हा निर्णय प्रोग्राम वापरणाऱ्याला विचारूनच घ्या आणि लिहून ठेवा. तो कोड लिहिताना ओघात घेतला गेला, तर उत्तर कायम एका दिवसानं चुकत राहतं आणि का चुकतं ते शोधण्यात तास जातात.

त्याखाली इनपुटबद्दल, म्हणजे प्रोग्रामला दिल्या जाणाऱ्या माहितीबद्दल लिहा. तारीख कोणत्या क्रमानं येणार? ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाला आपणहून कळत नाही. ३१ एप्रिल अशी तारीख कोणी दिली तर काय करायचं? दुसरी तारीख पहिलीच्या आधीची निघाली तर उत्तर ऋण दाखवायचं, की चूक झाल्याचं सांगायचं? शिवाय प्रोग्राम कोणत्या काळापुरता आहे तेही नोंदवा. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये पहिल्यांदा लागू झालं तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. ब्रिटननं ते १७५२ मध्ये स्वीकारलं. इतक्या मागे जायची गरज नसेल तर ‘फक्त १९०० पासून पुढे’ असं स्वच्छ लिहा. अशी मर्यादा घालून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

आता या तयारीतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग, आणि नेमका हाच बहुतेक जण गाळतात. इनपुट आणि अपेक्षित उत्तर अशा जोड्या हातानं हिशोब करून आधीच लिहून ठेवा. इथे आपण नुसता फरक धरू. तीच तारीख दोनदा दिली तर शून्य. २८ फेब्रुवारी २०२३ ते १ मार्च २०२३, एक दिवस. त्याच तारखा २०२४ मध्ये घेतल्या तर दोन. २००० मध्येही दोन, पण १९०० मध्ये एकच. चारनं भाग जाणारं वर्ष लीप असतं, पण शंभरनं भाग जात असेल तर नसतं, आणि चारशेनं जात असेल तर पुन्हा असतं. नियम माहीत असूनही घाईत त्याचं पहिलंच कलम लिहिलं जातं. १९०० ची जोडी कागदावर असेल तर ती चूक पहिल्याच चाचणीत पकडली जाते. या जोड्या कोड लिहून झाल्यावर बनवायला घेतल्या, तर प्रोग्राम जे उत्तर देतो तेच आपल्याला बरोबर वाटायला लागतं.

मग कामाचे तुकडे पाडा. इथे चार पुरतात: तारीख वैध आहे का ते तपासणं, वर्ष लीप आहे का ते सांगणं, एका ठरावीक दिवसापासून त्या तारखेपर्यंत किती दिवस झाले ते मोजणं आणि शेवटी दोन आकड्यांची वजाबाकी. तिसरा तुकडा अजूनही मोठा वाटतोय ना? मग तो आणखी फोडा: सरलेली पूर्ण वर्षं, चालू वर्षातले सरलेले महिने, चालू महिन्यातले दिवस. संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९७१ मध्ये ही टप्प्याटप्प्यानं बारीक करत जाण्याची पद्धत शोधनिबंधातून मांडली. नवशिक्यानं ती आजही तशीच वापरावी. प्रत्येक तुकडा काय घेतो आणि काय परत देतो हे एका ओळीत सांगता आलं की फोडणं थांबवा. सांगता येत नसेल, तर तो तुकडा आपल्यालाच अजून नीट समजलेला नाही.

प्रत्येक तुकड्याच्या पायऱ्या साध्या मराठीत लिहा. क्रमानं करायच्या गोष्टी, अट घालून करायच्या गोष्टी आणि पुन्हा पुन्हा करायच्या गोष्टी, एवढ्या तीन रचनांत सगळं बसतं. ब्यॉम आणि याकोपिनी या संगणकशास्त्रज्ञांनी ते १९६६ मध्ये सिद्ध केलं. फ्लोचार्ट, म्हणजे पायऱ्यांची आकृती, आवडत असेल तर काढा, माझा आग्रह नाही. व्हेरिएबलना, म्हणजे प्रोग्राम ज्यांत किंमती साठवतो त्या जागांना, मात्र आत्ताच अर्थ कळेल अशी नावं द्या.

शेवटी त्या पायऱ्यांवरून बोट फिरवत, स्वतः संगणक होऊन, २०२४ ची जोडी चालवून पाहा. प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय झाली ते बाजूला लिहीत जा. उत्तर दोन आलं नाही, तर ज्या ओळीशी आकडा बिघडला तिथेच दुरुस्ती करा आणि लगेच १९०० ची जोडीही चालवा. दोन्ही जुळल्या की संगणक सुरू करा. पहिल्यांदा फक्त लीप वर्षाचा तुकडा लिहा आणि त्याला १९००, २०००, २०२३ आणि २०२४ ही चार वर्षं देऊन पाहा.