कल्पित जगाचा तापमान-नकाशा: पट्टे ओढू नका, किनारा बघा

गोष्टीसाठी किंवा गेमसाठी जग रचताना बरेच जण विषुववृत्त लाल, ध्रुव निळे असे आडवे पट्टे ओढून मोकळे होतात. मीही तेच केलं, तेही रत्नागिरीत मे महिन्यात पडवीत घाम पुसत बसून! त्या पट्ट्यांत माझंच गाव बसेना.

नकाशे दोन करा, जानेवारीचा आणि जुलैचा. समताप रेषा (सारखं तापमान असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) आधी अक्षांशाला समांतर, पेन्सिलीने फिकट ओढा, मग किनाऱ्यापाशी वाकवा. जमिनीवर त्या उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकतात, हिवाळ्यात विषुववृत्ताकडे. कारण जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी दोन्हीला आळशी. मे महिन्यात नागपूरचा पारा सहज चाळिशी ओलांडतो, रत्नागिरीचा ३३च्या आसपास रेंगाळतो. (घाम मात्र आमच्याकडे जास्त. तो या नकाशात दिसत नाही.)

मग डोंगर. दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश वजा करा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे जवळपास नऊ अंशांचा फरक. घाटाशी रेषा एकमेकींना खेटूनच काढा.

किनाऱ्याजवळून समुद्राचा थंड प्रवाह जात असेल तर तिथलं तापमान आणखी उतरवा. पेरूमधलं लिमा १२ अक्षांशावर असूनही त्यामुळेच सौम्य आहे.

आणि तुमच्या जगात मोसमी पाऊस असेल, तर मेचा तिसरा नकाशा हवाच. जूनमध्ये ढग आले की कोकणातला उन्हाळा तिथेच संपतो. जुलैचा नकाशा बघून तो सापडणार नाही.