पाणथळ जागांचे राष्ट्रीय मार्गदर्शक धोरण लिहिताना

मसुदा हाती घेतला की पहिले पान उद्दिष्टांनी भरायचा मोह होतो. ते पान सर्वांत शेवटी लिहा. सुरुवात व्याख्येपासून करा, कारण कुठले तळे वाचणार आणि कुठले बुजणार हे तिथेच ठरते.

पाणथळ जागांसाठीच्या 1971 च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या मुद्दाम ऐसपैस आहे. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, बारमाही किंवा हंगामी, वाहते किंवा साठलेले, गोडे, मचूळ किंवा खारे पाणी, आणि ओहोटीच्या वेळी 6 मीटरपर्यंत खोल समुद्रसुद्धा तिच्यात येतो. भारत 1982 पासून या कराराचा सदस्य आहे. मात्र आपल्या 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून नदीपात्रे, भातखाचरे आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेली जलाशये वगळली आहेत. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले तलाव, बांधले सिंचनासाठीच, पण आज त्यांच्यात कमळ आहे, शिंगाडा आहे, ढीवर समाजाची मासेमारी आहे. वगळण्याच्या यादीचा शब्दशः अर्थ लावला तर हे सगळे उघड्यावर पडते. नाशिकचे नांदूर मध्यमेश्वर गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (कराराच्या यादीतली जागा) म्हणून जाहीर झाले. म्हणून वगळण्याच्या प्रत्येक कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडा: जागा कशासाठी बांधली यापेक्षा आज ती काय काम करते हे पाहावे. विहिरींचे पुनर्भरण, मासेमारी, पूर सामावणे, पक्ष्यांचा अधिवास यांपैकी एक जरी काम सिद्ध झाले, तरी जागा यादीत यावी.

मग यादी. इस्रोच्या अहमदाबादमधल्या अंतराळ उपयोग केंद्राच्या 2011 च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागा आखलेल्या आहेत. त्याहून लहान 5,55,557 जागा फक्त ठिपक्यांच्या रूपात आहेत. ठिपक्याला सीमा नसते, त्यामुळे त्यावर पडलेल्या भरावाविरुद्ध तक्रारही टिकत नाही. मार्गदर्शक तत्त्वांत लहान जागांसाठी गावनकाशावरचे काम स्पष्ट लिहा. ऑक्टोबरची आणि मे महिन्याची उपग्रहचित्रे घ्या, ती गावनकाशावर बसवा, गट नंबर काढा, सातबारा पाहा आणि मग काठाने चालत जाऊन खुणा पडताळा. सातबाऱ्यावर जागा गायरान किंवा पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून लागलेली असू शकते. ती नोंद दुरुस्त झाल्याशिवाय अधिसूचना काढली, तर पुढच्याच फेरफारात जमीन हातची जाते.

सीमेची मोजणी उन्हाळ्यात करू नका. सध्याच्या नियमांत पक्के बांधकाम गेल्या 10 वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत चालत नाही (होड्यांचे धक्के सोडून). पण गावतळ्याला पाणीपातळीची मोजपट्टी बहुधा नसतेच. म्हणून पर्यायी पद्धत धोरणातच द्या: गेल्या 10 वर्षांतली प्रत्येक पावसाळ्यानंतरची उपग्रहचित्रे, काठावर अडकलेल्या काडीकचऱ्याची रेष, पाणवनस्पतींचा पट्टा आणि मासेमारांनी दाखवलेली खूण. चारांपैकी तीन जुळल्या की रेषा पक्की धरावी. हे लिहिले नाही, तर मे महिन्यातला कोरडा काठ हीच सीमा होते आणि सगळा उथळ भाग बाहेर राहतो. बगळे, तुतवार, बदके चरतात ती हीच उथळ कड.

यापुढचा भाग सर्वाधिक वेळ मागतो: पाण्याची चढउतार. धोरणात ‘पाणी राखावे’ एवढेच लिहिणे घातक आहे. मणिपूरच्या लोकटाक सरोवरावर 1983 मध्ये इथाई बंधारा झाला आणि पातळी वर्षभर चढीच राहू लागली. तिथली फुमदी, म्हणजे तरंगणारी वनस्पतींची गादी, पूर्वी उन्हाळ्यात तळाला टेकून पोषण घेई. ते थांबले, गादी पातळ होत गेली आणि तिच्यावरच जगणाऱ्या सांगाई हरणाचे घर धोक्यात आले. पाणी भरपूर होते, उतरत नव्हते. उलट बाजूने ओडिशाच्या चिलिकात समुद्राकडचे तोंड गाळाने चोंदले, खारेपणा घटला, गोड्या पाण्याचे तण माजले आणि समुद्रातून माशांची पिल्ले येईनात. 1993 मध्ये ते रामसरच्या धोक्याच्या यादीत गेले. 2000 मध्ये नवे मुख खोदल्यावर दोन वर्षांत तिथून बाहेर पडले. म्हणून प्रत्येक जागेसाठी महिनावार पातळीचा तक्ता बंधनकारक करा: किमान, कमाल, आणि किती आठवडे काठ उघडा राहावा. तक्त्याखाली दरवाजे चालवणाऱ्या जलसंपदा अधिकाऱ्याची सही हवी. सही फक्त वन विभागाची असेल, तर कागद कागदच राहतो.

पाणथळ जागेवरच्या कामांच्या मनाई, नियंत्रित आणि मुभा अशा तीन याद्या करताना आधी हक्क नोंदवा. मासेमारी, गवतकापणी, गुरांचे पाणी, गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळातली पेरणी), शिंगाडा: कोण, कोणत्या महिन्यात, किती. सुशोभीकरण नियंत्रित यादीत नावानिशी घाला. दगडी भिंत, फिरायचा रस्ता आणि सरसकट खोलीकरण यांनी तळे देखणे होते, पण उतरता काठ संपतो आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. गाळ काढायचाच असेल तर मधला भाग खोल करा, कड सोडा. जलपर्णी काढण्यावर खर्च मांडण्याआधी सांडपाणी कुठून येते ते शोधा, नाहीतर पुढच्या वर्षी तेच बिल पुन्हा येईल.

हरकतींसाठी सध्या 60 दिवस मिळतात. ते पेरणीच्या हंगामात टाकू नका आणि मसुदा ग्रामसभेत गावाच्या भाषेत, नकाशासह वाचून दाखवा.

देखरेखीत मोजके आकडे ठेवा, पण वेळ ठरवून द्या. विरघळलेला ऑक्सिजन दुपारी मोजला तर शेवाळामुळे चांगलाच दिसतो. पहाटे, सूर्योदयापूर्वी मोजा, मासे तेव्हाच मरतात. पाणीपातळी दर आठवड्याला, पक्षिगणना दर जानेवारीत. एका वर्षाच्या पक्षिसंख्येवरून निष्कर्ष काढू नका: दुष्काळात आसपासची तळी आटली की उरलेल्या एका तळ्यावर गर्दी होते आणि आकडा वाढलेला दिसतो. निदान पाच हिवाळ्यांचे आकडे, त्या त्या वर्षीच्या पावसाशेजारी मांडून, एकत्र वाचावेत.