लेंटमध्ये पहिल्यांदा उपास करताय? मग हे वाचा

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आपला ख्रिस्ती उपासाचा काळ, जवळ आला की सांगली-मिरजेकडच्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, तरुण पोरं हमखास विचारतात, उपास करायचाय पण नेमकं करायचं काय, शाबुदाणा चालतो का, चहा चालतो का. आपल्या उपासाला चालतं-चालत नाही अशी फराळाची यादीच नाहीये. खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी हे शेजारच्या घरातल्या उपासाचं, तिथं त्याला त्याचा अर्थ आहे. आपण जेवण सोडायचं आणि त्या जेवणाचा वेळ देवाला द्यायचा. तो अर्धा तास रील बघण्यात गेला तर नुसतं पोट रिकामं राहिलं, बाकी काही झालं नाही.

लेंट राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार सोडून ४० दिवस. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास धरत नाहीत. पण म्हणून पहिल्याच वर्षी ४० दिवसांचा नवस केल्यासारखं काही ठरवू नका. आठवड्यातला एक शुक्रवार घ्या, सकाळचा नाश्ता करा आणि फक्त दुपारचं जेवण सोडा. हे काही आठवडे नीट जमलं की मग नाश्ताही सोडून सरळ संध्याकाळी जेवा. पाणी मात्र पीत राहायचं, मार्चमधलं आपल्याकडचं ऊन माहितीये ना, बायबलमधल्या एस्तेर राणीने तीन दिवस अन्नपाणी सोडलं होतं पण ते अख्ख्या लोकांच्या जिवावर बेतलं होतं म्हणून, आपण तिथून सुरुवात करायची नाही. आणि चहाबाज असाल तर चार दिवस आधीपासून चहा कमी करत आणा, नाहीतर उपासाच्या दिवशी डोकं असं ठणकतं की प्रार्थनेत लक्षच लागत नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर जेवण सोडू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही, लहान पोरांनाही उपाशी ठेवायचं नाही. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याने तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता, तसं मटण, गोडधोड सोडून साधी भाजी-भाकरी खाल्ली तरी तो उपासच आहे आणि त्यात काही कमीपणा नाही.

वेळ मिळाला की बसायचं कसं? दार लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बायबलमधलं स्तोत्र ५१ सावकाश वाचा आणि आपलं जे चुकलंय ते देवाला नाव घेऊन सांगा. मग ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. भूक लागली की तेवढ्यापुरतं एक वाक्य, "प्रभू, मला तुझी गरज आहे." एवढं पुरे. नोकरी, लग्न असा मोठा निर्णय असेल तर एकट्याने न करता दोघातिघांनी मिळून करा, बायबलमध्ये अंत्युखिया शहरातली मंडळी उपास करत असतानाच पवित्र आत्म्याने त्यांच्यातल्या बर्णबा आणि शौलाला (म्हणजे पौलाला) कामासाठी वेगळं काढायला सांगितलं.

येशूने सांगितलंय, उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका. म्हणजे स्टेटस ठेवायचं नाही, चेहरा पाडून फिरायचं नाही. ऑफिसात कुणी डबा पुढं केला तर "आज नको, उद्या खातो" म्हणा. घरी जी स्वयंपाक करते तिला मात्र आदल्या दिवशीच सांगा, तिने भाकऱ्या थापल्यावर सांगणं बरोबर नाही.

आता बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय, आणि यावर मी जरा अडून बसणार आहे. तिथं देव म्हणतो की तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, असला उपास मला नको, भुकेल्याला आपली भाकर वाटून दे. आपल्याकडं लेंट येतो तेव्हा बहुतेक ऊसतोड चालू असते, कारखान्याच्या वाटेवर तोडकऱ्यांच्या कोप्या असतात, बारकी पोरं दिवसभर तिथंच. तुमचं वाचलेलं जेवण तिकडं जाऊ द्या, गरम भाकरी-कालवण करून न्या, उरलंसुरलं नको, आणि द्यायला गेल्यावर फोटो काढू नका. ज्यांच्या स्वतःच्या रानात, द्राक्षबागेत बायका कामाला येतात त्यांनी उपासाच्या दिवशी त्यांची थकलेली मजुरी आधी हातात द्यावी. ती देता येत असून अडवून ठेवली असेल तर मला नाही वाटत त्या दिवशी जेवण सोडायची घाई करावी, पहिलं ते निस्तरा.

उपास सोडताना एकदम तिखट रस्सा नि तेलकट वडे नकोत. थोडं ताक किंवा भाताची पेज घ्या, जरा थांबा, मग मऊ वरणभात. आणि जेवायच्या आधी आभाराची प्रार्थना घरातल्या सगळ्यांसोबत करा, पोरांनाही बोलवा.