नऊ मिलिमीटरची शकुंतला: डिजिटल नियंत्रणासाठी वायरिंग कसं करावं

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला 762 मिलिमीटरच्या रुळांवर धावायची. माझं मॉडेल खऱ्याच्या 1/87 मापाचं; 762 ला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि 9 मिलिमीटरचे मॉडेल रूळ तयार मिळतात. एवढ्या एका भागाकारावर माझ्या धान्याच्या खोलीत याच मार्गावरचं दारव्हा मोतीबाग स्टेशन उभं राहिलं.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, या पद्धतीत रुळांमध्ये सतत दिशा पालटणारी वीज असते. एका दिशेला 58 मायक्रोसेकंद राहिली तर 'एक', 100 राहिली तर 'शून्य'. इंजिनातला डिकोडर, म्हणजे हुकूम समजणारं छोटं सर्किट, यातूनच हुकूम वाचतो आणि यातूनच मोटर फिरवतो. म्हणजे वीज जिथे लंगडी, तिथे हुकूमही तुटका.

पहिलं काम मुख्य तारांचं. टेबलाखालून पूर्ण मांडणीभर लाल आणि काळी अशा दोन जाड तारा न्या. तालुक्याच्या दुकानात मी अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर मागितली, तर दुकानदार म्हणाला, "एवढुशा गाडीले अडीचची वायर? विहिरीवर मोटर बसवून राहिले का भाऊ?" छोट्या मांडणीला दीड स्क्वेअरही चालते, पण इथे काटकसर नको. आणि तारा पट्टीतून न्या. तुरीच्या पोत्यांबरोबर उंदीर येतातच.

आता फीडर, आणि खरी मेहनत इथेच आहे. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला मुख्य तारांपासून स्वतंत्र बारीक वायर द्या, अर्धा स्क्वेअरची, लांबी फूटभराच्या आत. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जॉइनरमधून वीज पुढे जाईल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे तर मुळीच नाही: जानेवारीतली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर एक मीटर रूळ साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. सगळे सांधे सोल्डर करून टाकले तर उन्हाळ्यात रूळ वाकतील. सांधे सैल ठेवायचे असतील, तर वीज खालूनच आली पाहिजे.

सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला मारा, आत मारलं तर चाकांची कड आदळते. जागा घासून चकचकीत करा, रुळाला आणि वायरच्या टोकाला आधी वेगवेगळं सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही टेकवून तापलेलं आयर्न क्षणभर लावा. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की प्लास्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. कापसाची आपल्याकडे कमी नाही. आम्लाची पेस्ट टाळा, ती पुढे तांबं खाते.

डाव्या रुळाला लाल, उजव्याला काळी, शेवटपर्यंत हाच नियम. मी एकदा लाइट गेल्यावर टॉर्चच्या उजेडात दोन फीडर उलटे जोडले आणि शोधण्यात पुढचा अख्खा रविवार गेला. तेव्हापासून दर फीडरनंतर मल्टीमीटर लावून पाहतो: दोन रुळांमध्ये बीप वाजला तर शेवटचीच जोडणी चुकलेली. ही तपासणी कमांड स्टेशन, म्हणजे रुळांना वीज आणि हुकूम देणारा डबा, सुटं ठेवूनच करा.

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या सांधा बदलायच्या जागी फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, धातूचा आणि विजेचा असेल, तर त्याच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर घाला. गाडी वळसा घालून त्याच रुळावर उलटी येत असेल, तर तो वेढा दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून वेगळा करा आणि त्याला ऑटो रिव्हर्सर, म्हणजे विजेची दिशा आपोआप उलटवणारं सर्किट, द्या. वेढा सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा.

आता कमांड स्टेशन जोडून सुरू करा आणि रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. स्टेशननं ताबडतोब वीज तोडली पाहिजे. हे दर फूटभर करा, साइडिंगच्या टोकापर्यंत. कुठे तोडली नाही तर तिथली जोडणी कच्ची आहे, आणि हे दुर्लक्षण्यासारखं नाही: 15 व्होल्ट आणि 3 अँपिअर म्हणजे 45 वॅट, हातातल्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. गाडी घसरून शॉर्ट झाला तर तेवढी उष्णता डब्याच्या चाकांत उतरते.

सगळीकडे वीज तुटली की इंजिन ठेवा. नव्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे त्याला हुकूम देण्यासाठीचा क्रमांक, बहुधा 3 असतो. तोच निवडा आणि अगदी सावकाश सोडा.