मावशी सामान जास्त वापरतात? आधी मोजा, मग बोला

माझा मुलगा चार महिन्यांचा झाला, मी कामावर परत रुजू झाले आणि दिवसभर त्याला सांभाळायला मावशी येऊ लागल्या. पंधरा दिवसांतच लक्षात आलं, की आठवडाभर पुरेल असं मला वाटणारं डायपरचं पाकीट गुरुवारीच संपतंय. वाइप्स तीन दिवसांत गायब. पावडरच्या दुधाचा डबा तर बघता बघता तळाला. रोज संध्याकाळी कपाट उघडून मी मनातल्या मनात हिशोब मांडायचे आणि चिडचिड करायचे.

शेवटी एकदा दारातच, त्या चपला घालत असताना, मी म्हटलं, "मावशी, डायपर जरा जपून वापरा हं."

दुसऱ्या दिवशी घरी आले तर बाळाचा डायपर फुगून मांड्यांत लोंबत होता आणि जांघेत लाल चट्टे उठले होते. नऊ तासांत त्यांनी दोनच डायपर वापरले होते. मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं. किती, कधी, कशात जपायचं, यातलं मी काहीच बोलले नव्हते. त्या रात्री मलम लावताना बाळ कळवळून रडत होतं, ते मी अजून विसरलेले नाही. सकाळी मावशींची माफी मागितली आणि सगळं नव्याने सुरू केलं. तुमच्या घरी असा प्रश्न असेल, तर निदान ही पायरी तरी चुकवा.

पहिलं काम मोजणीचं. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, पेन दोरीने बांधून ठेवा. डायपर बदलला की एक रेघ, दुधाची बाटली केली की एक रेघ, शेजारी उरलेल्या दुधाचा आकडा. आठवडाभर हे दोघींनीही करायचं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही सांभाळता तेव्हाच्या रेघाही त्याच कागदावर हव्यात. मावशींना सांगताना खरं कारण सांगा: "सामान किती आणायचं याचा मला अंदाज येत नाहीये, आपण आठवडाभर लिहून बघू." लपूनछपून मोजू नका. ते कळतंच, आणि मग विश्वास कायमचा जातो.

आमच्या कागदाने तीन वेगळ्या गोष्टी दाखवल्या.

डायपर वाया जात नव्हतेच. दर दोन-तीन तासांनी बदलायचा आणि शी केली की लगेच, हे धरलं तर नऊ तासांत पाच-सहा लागणारच. माझाच अंदाज कमी होता. त्यात बाळ वाढलं होतं आणि माप जुनंच चाललं होतं, त्यामुळे पट्टी ओढताना तुटायची, बाजूने गळायचं आणि एक-दोन जास्तीचे जायचे. मोठं माप आणल्यावर तेही थांबलं.

वाइप्सची गंमत वेगळीच. पाकिटावरच्या झाकणाचा डिंक गेला होता. रात्रभर वरचे वाइप्स सुकायचे आणि मावशी सकाळी ते तीन-चार ओढून टाकून द्यायच्या. घट्ट बसणाऱ्या झाकणाचा एक डबा आणला आणि पाकीट त्यात ठेवलं, एवढ्यावर भागलं.

खरी नासाडी दुधात होती. बाटलीवर १८० मिलीची मोठी खूण होती आणि मावशी दर वेळी तिथपर्यंत दूध करायच्या. बाळ १२० पीत होतं. दिवसाला पाच बाटल्या, म्हणजे ३०० मिली दूध मोरीत. उरलेलं ओतून देणं मात्र अगदी बरोबर होतं, त्याबद्दल त्यांना बोलणं चुकीचं ठरलं असतं. केलेलं दूध दोन तासांच्या आत वापरायचं, बाळाने तोंड लावलं असेल तर एका तासाच्या आत, आणि त्यानंतर उरलेलं ठेवायचं नाही, कारण बाटलीत बाळाची लाळ गेलेली असते आणि त्यात जंतू वाढतात. म्हणून आम्ही करण्याचं मापच बदललं. बाटलीला १२० वर रंगीत चिकटपट्टी लावली. त्यानंतरही बाळ भुकेलं वाटलं तर थोडं आणखी करायचं, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच.

इथे एक गोष्ट मावशींना समोर करून दाखवा: चमचा सपाट भरायचा, दाबून नाही, आणि पाणी वाढवून पावडर पुरवायची नाही. पातळ दुधाने बाळाचं पोषण कमी पडतं आणि शरीरातलं मिठाचं प्रमाण बिघडून ते गंभीर आजारी पडू शकतं. पैसे वाचवायला सांगितलं की घाबरलेला माणूस आधी इथेच हात आखडतो. हात धुण्याचा साबण आणि बाटल्या उकळायचं पाणी यांच्याबाबतीतही तेच; त्यात कधीच काटकसर सांगू नका.

बोलायची वेळ बाळ झोपलेलं असताना. दोघी बसून, कागद मध्ये ठेवून. एका वेळी एकच वस्तू घ्या आणि "यात तुम्हाला काय अडचण येते?" असं विचारून थांबा, त्यांना बोलू द्या. झाकणाचा डिंक गेल्याचं मला अशाच वेळी कळलं. आधीच्या बाईंशी तुलना, पाहुण्यांसमोर टोकणं, पगारातून कापणं, कपाटाला कुलूप, यातलं काहीही करू नका.

कपडे धुण्याचा साबण सांगायला सोपा. मापाच्या टोपणाला आवश्यक तेवढ्यावर पक्क्या शाईची रेघ मारा. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट तो कापडात राहतो आणि बाळाच्या त्वचेला त्रास होतो. हे कारण सांगितल्यावर मावशींना लगेच पटलं.

सामान आठवड्यापुरतंच हाताशी ठेवा, पण सोबत एक जादा पाकीट त्यांना न विचारता काढता येईल असं असू द्या. ऐनवेळी बाळाचं अडायला नको.

एवढं करूनही तीच नासाडी चालू राहिली, तर दोन आठवड्यांनी पुन्हा बसा आणि आकडा दाखवून स्पष्ट बोला. तरीही ऐकत नसतील तर आधी कल्पना देऊन, पूर्ण पगार हातात ठेवून, सन्मानाने काम थांबवा. वस्तू घराबाहेर जातायत असा संशय असेल तर तो विषय वेगळा आहे. नासाडीच्या आडून टोमणे मारू नका, खात्री करून एकट्यातच सरळ विचारा.

आमचा कागद आता मावशीच बदलतात. डायपर दहा उरले की त्या खाली गोल काढतात, आणि तो गोल दिसला की मी दुसऱ्या दिवशी पाकीट आणते.